मामाच्या थापा

मामा आला तो मोह पडण्याच्या दिवसांत. पहाटे माय आणि मी टोपल्या घेऊन तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडांखाली फुलं वेचायला जात असू. ओली, पिवळसर, बोटांना चिकटणारी फुलं पाचोळ्यावर टपटप पडत राहायची आणि त्या गोड वासानं डोकं असं काही जड व्हायचं, की वेचता वेचता मी जागी आहे की झोपेत, हेच मला कळत नसे. त्या वासातूनच पाळीवरून एक माणूस चालत आला. खांद्यावर पत्र्याची पेटी, अंगात खाकी कोट, आणि चालणं मोठं जपून, पायाखालची जमीन कोणाची आहे ते विचारत विचारत यावं तसं. माय वाकलेली होती ती उभी राहिली. "मनिराम व्हय का रे?" तिनं विचारलं. "हाव बाई, मीच," तो म्हणाला, आणि पेटी खाली ठेवून, जणू कालच इथून उठून गेला होता, तसा तिच्या शेजारी मोह वेचायला बसला. माय रडत होती आणि वेचत होती. मामा तिचा धाकटा भाऊ. आईबाप लहानपणीच गेले, त्यामुळे जगात परत यायला त्याला आमचंच घर होतं.

मामा पलटणीत होता आणि त्याची पलटण कोरियात गेली होती. तिकडची लढाई थांबली होती. धरलेल्या कैद्यांपैकी कोणाला आपल्या मुलखात जायचं आणि कोणाला नाही, याचा निकाल लागेपर्यंत त्यांच्यावर पहारा द्यायला तिसऱ्याच कोणाची तरी माणसं हवी होती, म्हणून आपली गेली. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा माझा हिशेब सोपा होता. अर्जुनीहून छोटी गाडी गोंदियाला जाते, गोंदियाहून मोठी गाडी कुठेतरी जाते, आणि ती जिथे थांबते ते कोरिया. केशोरीच्या अलीकडचं आमचं गाव, मागे जंगल, पुढे धानाचे बांध. त्याच्या बाहेरचं जग मी पाहिलेलं नव्हतं आणि फारसं पाहावंसंही वाटत नव्हतं.

सुरुवातीला गाव मामाच्या गोष्टी ऐकायला आमच्या ओसरीवर जमायचं. मामा बोलायला लागला की सावकाश, भाताच्या पेजेसारखा बोलायचा. तिकडे थंडीत नदी गोठते आणि तिच्यावरून ट्रक जातो. तिथेही आपल्यासारखेच बांध, आपल्यासारखीच रोवणी, बाया चिखलात वाकलेल्या. जत्रेत बाया उभ्यानं झुल्यावर चढतात आणि झाडाच्या शेंड्यापर्यंत जातात. आणि त्याच जत्रेत कुस्ती होते, जिंकणाऱ्याला बैल मिळतो. झुल्यापर्यंत लोकांनी सोसलं. बैलावर मात्र ओसरी हसून हसून लोळली. "नारळ-दुपट्ट्यासाठी आमचे हातपाय मोडतेत, अन तिकडं बैल! भल्ला थापा मारते बाप्पा तुमचा साळा!" असं म्हणून जो तो धोतर झटकत उठला. तेव्हापासून मामाचं नाव गावात थापाड्या पडलं. मामा रागावला नाही. तो फक्त बोलायचा थांबला. ओसरीच्या टोकाला, धान भरायच्या ढोलीला पाठ लावून बसायचा आणि बांबूच्या कमच्या सोलत राहायचा. रात्र रात्र जागा असायचा, आणि कोणी मागून आलं की दचकायचा. कोणी सहज मनगट धरलं तर त्याचं तोंड पांढरं पडायचं. माय त्याच्या ताटात लाखोरीच्या डाळीवर तेलाची धार जास्त सोडायची आणि त्याच्याकडे न बघता म्हणायची, "जेव रे, दोन घास खा."

बाबांना हे बसून राहणं आवडत नव्हतं. बाबा एका काळचे पैलवान. कान फुटलेले, मान जाड, आणि जगात फक्त दोनच गोष्टी असतात अशी त्यांची खात्री. एक उभं राहणं, दुसरं चीत होणं. भात करपला की ते म्हणायचे, "आज भात चीत झाला." बैल चिखलात बसला की बैल चीत, गावचा पाटील निवडणुकीत पडला की पाटील चीत. माझा मोठा भाऊ हिरालाल याला त्यांनी बालपणापासून आखाड्याच्या मातीत लोळवला होता. भाऊ अंगानं सडपातळ, हात लांब, चपळ, पण कुस्ती लागली की हटकून चीत व्हायचा. केशोरीच्या गोविंदानं त्याला लागोपाठच्या मंडयांत अस्मान दाखवलं होतं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं फुगतात, रात्री दंडारीचं नाचगाणं होतं, आणि दुपारी कुस्त्या. तिथे मुलगा चीत झाला म्हणजे बाबांना वर्षभर पान खायलाही कोणाच्या दारात बसता येत नसे.

एक दिवस भाऊ खळ्यावर एकटाच शड्डू ठोकत होता. मामा कमच्या खाली ठेवून उठला, तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, एक मोठा भारा त्यानं खळ्यात पसरला आणि म्हणाला, "हिरा, पडून दाखव." भाऊ म्हणाला, "पडू कायले? मी का हारलो?" "पडून तं पाह्य. पडल्यावर काय करतेत ते सांगतो." भाऊ काही केल्या पाठ टेकेना. बाबांच्या मुलाला नुसतं सांगितल्यावर उताणं पडणं म्हणजे चारचौघांत धोतर सोडण्यासारखं होतं. मी ढोलीजवळ धान पाखडत होते. मला कुस्तीशी काही देणंघेणं नव्हतं, चीत होण्याची लाजही नव्हती. मी सूप ठेवलं आणि जाऊन तणसावर पसरले. "मी पडलो पाह्य मामा," मी म्हणाले. आमच्याकडे पोरीसुद्धा असंच बोलतात. मामा हसला. आल्यापासून पहिल्यांदा हसला.

खाली पडून मी वर बघितलं तर नुसतं आभाळ, आणि कडेला मोहाची एक फांदी. मामा म्हणाला, "आपल्यात म्हनतेत अस्मान दाखवलं, म्हंजे खेल खतम. मले ज्यानं शिकवलं तो म्हने, अस्मान दिसलं तं आधी पाहून घे. घाई नोको करू. खेल आता सुरू झाला." मग त्यानं शिकवलं. वरचा माणूस जड असतो, पण त्याचा जडपणा छातीवर घ्यायचा नाही, पायांवर घ्यायचा. तळवे त्याच्या कमरेला लावायचे. पाठ उचलायला धडपडायचं नाही, कंबर बाजूला सरकवायची, सापसुरळी सरकते तशी. तो गळ्याकडे हात घालतो ना, घालू द्यायचा, कारण लांब केलेला हात त्याचा राहत नाही. तो दोन्ही हातांनी धरायचा, पाय त्याच्या खांद्यावरून टाकायचा आणि कंबर वर करायची. मी तसं केलं आणि वरून दाबायला आलेला, माझ्या दुप्पट वजनाचा भाऊ "माय वं!" म्हणून ओरडला.

"आता ध्यान द्या," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "सयन झालं नाई तं थाप माराची. जमिनीवर मारा, आंगावर मारा. दोन थापा. अन थाप लागली का धरनाऱ्यानं सोडाचं. तवाच्या तवा. इचार कराचा नाई. हे पयलं. बाकीचं मंग." भावाला हे पटलं नाही. आपल्यात थाप म्हणजे शाबासकीची, नाहीतर मांडीवरच्या शड्डूची. हार मानायला थाप कोण मारतो? पण मामा त्या एका गोष्टीवर हटून बसला. त्यानं पुढचे दोन दिवस आम्हाला दुसरं काही शिकवलंच नाही. धर, थाप, सोड. धर, थाप, सोड. माय दारातून ओरडायची, "पोरीच्या जातीले तनसात लोळवून राह्यला, उद्या हिले बायको करन कोन रे?" मामा म्हणायचा, "जो करन त्याले शिकवून ठेवू बाई, थाप माराले." माय पदरात तोंड लपवून हसायची आणि आत जायची.

तो उन्हाळा माझ्या आठवणीत सलग एकाच सकाळीसारखा आहे. तणसाचा वास, मोह वाळत घातलेल्या अंगणावर घोंघावणाऱ्या माश्या, उखळात कोणीतरी धान कांडत असल्याचा दूरचा ठोका, आणि मी उताणी पडून आभाळ पाहते आहे. भावाला सरावाला मीच होते, कारण आखाड्यातली मुलं असल्या बायकी लोळण्याला हसत. मी अंगानं लहान, त्यामुळे थाप माझीच जास्त. पुढे पुढे तर मी नुसता हात उचलला तरी भाऊ सोडून द्यायचा. थाप पडायच्या आधीच त्याची बोटं सैल व्हायची. दुपारी ताकात कालवलेला भात आणि भाजलेलं सुकट खाऊन आम्ही तिघं ओसरीवर पडायचो आणि मी मामाला विचारायचे, ही विद्या कोणाची?

माझी नात आता गोंदियाला तायक्वांदो शिकते. पांढरा ड्रेस, कमरेला पट्टा, आणि लाथ अशी उडवते की माझ्या कपाटावरचा डबा पडतो. तिचे सर सांगतात की ही हजारो वर्षांची विद्या आहे, जशीच्या तशी चालत आली. मी तिला विचारलं, खाली पडल्यावर काय करता? ती म्हणाली, "आजी, गिर गये तो रेफ्री उठाता है ना!" मामानं सांगितलं होतं ते वेगळंच होतं. त्याला शिकवणारा एक कैदी होता, शाळेत शिकवणारा, त्याला सगळे किम मास्तर म्हणत. अर्धी इंग्रजी, अर्धे हातवारे, आणि बर्फावर काडीनं काढलेली माणसं, एवढ्यावर त्यांचं भागायचं. मामा म्हणायचा, "त्याईची जत्रेतली जुनी कुस्ती, मांडीले कापड बांधून धरतेत. म्हाताऱ्या लोकाईचा एक लाथेचा खेल. मंग जपान्याईचं राज आलं. त्याईनं शाळेत आपले पेच शिकवले, पाडाचे अन पाडून दाबाचे. जपानी गेले, तवा ज्याच्या हाताले जे लागलं ते त्यानं धरलं. ज्यानं त्यानं आपली पाटी लावली. या सगळ्याले एक नाव अजून ठेवलं नाई म्हने." मी विचारायचे, "मंग ते त्याईचं का जपान्याईचं?" मामा डोळे मिटूनच म्हणायचा, "मीबी हेच इचारलो होतो. मास्तर म्हने, धान कोनाचं सांग. बी देनाऱ्याचं का रोवनाऱ्याचं?" नाव नसलेली एक विद्या आमच्या ओसरीवर माझ्या शेजारी दुपारची झोप घेत होती, असं आता मला वाटतं. आम्ही तिला खालची विद्या म्हणत असू.

बाबांनी हे सगळं पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. रोवण्या संपल्यावर एक दिवस ते जेवताना म्हणाले, "मनिराम, घरात बसून मानूस सडते. गोंदियाचा एक मानूस म्हनून राह्यला, नागपूरच्या पुढं कोन्या गोदामावर पहाऱ्याची जागा हाय." मामाचा घास हातातच राहिला. पहारा हा शब्द त्याला सोसत नसे. माय म्हणाली, "राहू द्या ना त्याले. पोराले शिकवते तं." बाबांनी घास गिळला. मग म्हणाले, "ठीक हाय. मंडईत हिरानं गोविंदाले पाडलं तं तलावाच्या पाळीवर आखाडा बांधून देतो. मनिराम तिथचा वस्ताद. नाई पाडलं तं जागा पकडाची." शब्द बाबांचा होता आणि तो त्यांनी दुसऱ्या दिवशी चार लोकांतही सांगितला. त्या दिवसापासून मला रात्रीचं जेवण गोड लागेना. मामा गेला तर ओसरीचं ते टोक कसं दिसेल, एवढंच मी बघत बसायचे. भाऊही हसायचा थांबला. मामानं विद्येला इथल्यापुरती मुरड घातली. पाठ टेकली तर इथे मेला, म्हणून सगळं कुशीवर राहून करायचं. एक खांदा वर, पाय त्याच्या कमरेला, आणि हाताची वाट पाहायची.

मंडईच्या दिवशी आमच्या घरात बसायला जागा नव्हती. मावश्या, आत्या, त्यांची पोरं, चुलीवर वड्यांची कढई. दुपारी आखाड्याभोवती अशी गर्दी की मला बैलगाडीच्या धुरेवर चढून उभं राहावं लागलं. मामा आखाड्याच्या कडेला उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांत. गोविंदा आला, भल्ला थोराड, पण तोंडानं हसरा पोरगा. हात लागले. थोड्याच वेळात त्यानं भावाची टांग मारली आणि भाऊ पडला. गर्दी "चीत, चीत!" म्हणून उठली, पण भाऊ कुशीवर होता. गोविंदा वरून दाबायला गेला आणि त्यानं हात लांब केला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली, कारण तो हात मला ओळखीचा होता. भावानं तो दोन्ही हातांनी धरला, पाय खांद्यावरून आला, आणि गोविंदाचं तोंड मातीत गेलं. आता भावानं त्याला उलटवून वर बसायचं, की झालं. गोविंदा लाल झाला, त्याचा मोकळा हात हवेत भटकला आणि भावाच्या पाठीवर पडला. थप, थप.

भावानं सोडलं.

त्यानं विचार केला नाही. बोटं आपोआप उघडली, जशी माझ्यासाठी उघडत. तो सैल होऊन, आता उठायचं, अशा नजरेनं गोविंदाकडे बघत होता. गोविंदालाही क्षणभर कळलं नाही की काय झालं. मग त्यानं भावाचे दोन्ही खांदे धरून जमिनीला लावले. पंचांनी हात वर केला. ढोल वाजले, केशोरीवाल्यांनी गोविंदाला खांद्यावर घेतलं, आणि माझ्या भावानं तिथेच पडल्या पडल्या आभाळाकडे बघितलं.

बाबा आखाड्यात शिरले. "धरलेला हात सोडला काऊन?" ते भावावर ओरडले. भाऊ उठून बसला. "त्यानं थाप मारली." "थाप मारली? काय शाबासकी देऊन राह्यला होता तुले?" लोक हसले. गोविंदा चांगला पोरगा, तो खांद्यावरून उतरून आला आणि आपला हात चोळत म्हणाला, "काकाजी, जीव घाबरला तं हात आपटला गेला. मले का मालूम, हा सोडन म्हनून?" मागून कोणीतरी म्हणालं, "कोरियाची थाप कोरियात चालते बाप्पा!" आणि पुन्हा हशा झाला. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला होता की मी धुरेवरून उडी मारताना पडले आणि माझा गुडघा फुटला.

मामा मात्र आखाड्यात आला तो रडत. त्यानं भावाला मातीसकट पोटाशी धरलं. "सोडलंस ना रे," तो म्हणत होता. "सोडलंस ना." बाबा म्हणाले, "अरे, हारला तो! तू का खूश होऊन राह्यला?" तेव्हा मामानं ते सांगितलं, जे ओसरीवर कधी सांगितलं नव्हतं. कैद्यांत दोन तट होते, घरी जाऊ म्हणणारे आणि जाणार नाही म्हणणारे. किम मास्तरला घरी जायचं होतं. एका सकाळी त्याच्याच छावणीतल्या चौघांनी त्याला बर्फात पाडून धरलं. "त्यानं थाप मारली, भाऊजी. मारतच राह्यला. मी तारेच्या भाईर उभा. हुकूम नोयता अंदर जाचा. मी वरडलो, कोन आयकते? ते त्याचेच शिकवलेले पोट्टे होते, त्याईले थाप समजत होती. पन सोडलं नाई." आखाड्याच्या त्या कोपऱ्यात आता कोणी हसत नव्हतं. मामानं भावाच्या डोक्यावरची माती झटकली. "पेच शिकवाचा नोयता मले. एवढंच शिकवाचं होतं का थाप लागली तं सोडाचं. शिकला हा."

बाबांनी भावाला हात देऊन उठवलं. घरी आल्यावर, वड्यांचं ताट पुढ्यात असताना, त्यांनी मामाकडे पाहून म्हटलं, "आखाडा बांधून देतो. राह्य." बाबांनी स्वतःचा शब्द मोडलेला मी जन्मात तेवढा एकदा पाहिला. मामा म्हणाला, "नाई भाऊजी. चार लोकात बोल्ले तुमी. तुमाले मान खाली घालाले लावून मी राहू काय? अन आता मले जमते पहारा. आता झोप लागते." मला वाटलं, हे काय बोलणं झालं, झोप लागते तर इथेच झोप ना! मी ते बोलूनही दाखवलं आणि मायचा मार खाल्ला.

अर्जुनीच्या स्टेशनवर मी आणि भाऊ त्याला सोडायला गेलो. तीच पत्र्याची पेटी, वर मायनं बांधून दिलेलं नव्या धानाच्या पोह्यांचं गाठोडं. सकाळचं धुकं बांधांवरून सरकत होतं आणि कापलेल्या धानाचा ओला वास येत होता. आमची छोटी गाडी इतकी सावकाश निघायची की चालणाऱ्या माणसालाही तिच्याशी बोलत जाता येई. मी खिडकीतून मामाचा हात धरला. मनगटच धरलं, जे तो कोणाला धरू देत नसे. त्यानं धरू दिलं. गाडी हलली, मी बरोबर चालू लागले, मग चालणं पळणं झालं. भाऊ मागून ओरडत होता, "यमू, सोड! यमे, सोड वं!" मी सोडणार नव्हते. पकड पक्की होती, अंगठा वर, कोपर पोटाशी, जशी त्यानंच शिकवली होती. मामा खिडकीतून वाकला, माझ्याकडे बघून हसला, आणि दुसऱ्या हातानं माझ्या हातावर थाप मारली.

गाव म्हणत असे, मनिराम थापा मारतो. खरं आहे. माझ्या हातावर त्यानं दोन मारल्या, आणि मी सोडलं.